उलटी पेटी

मॅडमनी पेटीवर वाकून भिंग डोळ्याला लावलं आणि पेटीकाका एक पाऊल मागे सरले.

ड्रिलचं मशीन जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या वर काढायचं. त्या क्रमाने पेटीत मांडायच्या, वरचं टोक वर आणि खालचं खाली, एवढंच काम काकांनी एकवीस वर्षं केलं होतं. नावही त्यावरूनच पडलं होतं. पण डोंगरावरच्या या भोकावर भूगर्भतज्ज्ञ मॅडमनी दोनदा त्यांची चूक काढली.

"काका, हा दगड समुद्राच्या तळाशी बनलाय. तिथे जाड कण आधी बसतात, बारीक नंतर. म्हणजे प्रत्येक थरात जाड कण खाली हवेत. तुमच्या पेटीत ते वर आहेत. कांड्या उलट्या भरल्यात तुम्ही!" दुसऱ्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आता पुन्हा झालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. तांब्या-जस्ताच्या साठ्यासाठी पाडलेली सहा भोकं फुकट गेली होती आणि हे सातवं शेवटचं होतं.

काकांचा मात्र स्वतःवरचा भरवसाच उडाला. नजर गेली की डोकं? परवा सदरा उलटा घालून निघाले, तेव्हा बायको पोट धरून हसली. काकांना काही हसू आलं नाही. जेवण जाईना, झोप लागेना.

म्हणून आज सकाळी ड्रिलच्या नळीतून कांड्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी आधी कण बघितले. जाड कण वरच! इकडेतिकडे बघून त्यांनी सगळी ओळ गुपचूप फिरवून ठेवली.

"शाब्बास काका, आज बरोबर भरलीत," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. हिरव्या दगडातल्या पिवळ्या शिरांवर त्यांनी बोट टेकवलं. "हे तांबं, पण नावापुरतं. गरम पाणी या भेगांतून वर चढलं आणि खरा साठा वर समुद्रतळावर टाकून गेलं. वर तर आपल्याला काहीच मिळालं नाही. तो साठा केव्हाच झिजून वाहून गेला असणार. आता खाली जाण्यात अर्थ नाही."

त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "मिस्त्री, मशीन बंद..."

गप्प बसलं असतं तर काकांची नोकरी वाचत होती.

"थांबा मॅडम!" ते ओरडले. "कांड्या मी फिरवल्यात. तुमच्या धाकाने. नळीतून आल्या तेव्हा जाड कण वरच होते."

मॅडमचा हात खाली आला. "कशावरून?"

"नळीची पकड कांडीला खालच्या टोकालाच ओरखडते. हे बघा, मी फिरवल्यामुळे ओरखडे वर आलेत."

"आणि आधीच्या दोन पेट्या?"

"त्या आल्या तशाच भरल्या होत्या. आईशप्पथ."

मॅडम धावत शेडमध्ये गेल्या. काका मागोमाग. मॅडमनी जुन्या दोन्ही पेट्यांमधल्या कांड्यांची टोकं भिंगाने तपासली. ओरखडे खालीच होते. जाड कण वर होते. मग त्यांनी प्रत्येक कांडी पुन्हा पहिल्यापासून बघितली.

काकांना राहवेना. "मग... उद्यापासून यायचं की नाही मी?"

मॅडमनी झटकन उठून वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मिस्त्री, बंद करू नका. आणखी खाली चला, साठा खाली असणार. काकांच्या पेट्या सरळच होत्या, हा अख्खा डोंगर उलटा पडलाय."