डोंगरावरची गाय

शांतिसेनेतून परदेशी गेलेल्या लखननं किन्हीराजा गावी बायकोला, वर्षाराणीला, व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा समोरच्या डोंगराकडे फिरवला. हिरव्यागार उतारावर दोन-चार घरं होती आणि अगदी जवळच्या एका दारापाशी तांबडी गाय हंबरत उभी होती.

"काय गवत हाय वो माय!" सासूबाई हरखल्या. "आपल्या ढोराइले त सपनातबी नाही भेटत असं!" आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

वर्षाराणी बाळाला पाजता पाजता गाईकडेच बघत राहिली. गाय दारापासून हलत नव्हती. कास टरारून फुगली होती, सडांतून दूध आपसूक ठिबकत होतं. बाळ एक वेळ प्यायलं नाही तर कसं ठणकतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"तुमच्याकडं सारं शांत हाय ना?" तिनं विचारलं.

"एकदम शांत."

"मंग त्या गाईची दोन दिवसांपासून धार काहून नाही काढली कोनं? घरची मानसं कुठं गेली?"

कॅमेरा खाली गेला. आता पडद्यावर नुसते त्याचे बूट दिसत होते.

"परवापर्यंत होती," लखन म्हणाला. "मायले नको सांगू."