नदीकाठचं पहिलं मरण

"मामंजींना घरातच पुरणार? ते माणूस होते, धान्याचा रांजण नव्हेत!" नवी सून ओरडली. ती भटक्या मेंढपाळांची लेक. त्यांच्याकडे मेलेल्याला माळावर ठेवून सगळे कळपामागे निघून जात.

"आता आपण नदीकाठी शेती करतो," नवरा म्हणाला. "शेत इथं, घर इथं. बाबाही इथंच राहतील."

सासूनं दगडी कुऱ्हाड उचलली आणि प्रेताची दोन्ही पावलं घोट्यापासून तोडली.

सून दाराकडे मागं सरकली.

"जन्मभर शिकारीला म्हणून जायचे आणि महिना महिना गायब," सासू हुंदके देत म्हणाली. "आता कुठं जातील?"

"मला माहेरी जायचंय. आत्ता," सून म्हणाली.

"जाऊन ये," नवरा मायेनं म्हणाला. "तुझी जागा मी चुलीजवळ धरून ठेवलीय. तिथली जमीन उबदार असते."