गोजरबाईचा काला

या, असं जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. अंकुशनगरच्या अलीकडे, उसाच्या रानाला लागून एक वस्ती आहे. तिथल्या सप्त्याच्या शेवटच्या दिवसाची, एका घासाची गोष्ट सांगते.

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. मांडवाच्या पिवळ्या कापडातून ऊन गाळल्यासारखं खाली उतरत होतं आणि त्या उजेडात सगळी माणसं हळद लागल्यासारखी दिसत होती. मृदंगाचा ठेका जमिनीतून वर येई आणि तळपायातून अंगात शिरे. राजनंदिनी मात्र मांडवाबाहेर, लिंबाखाली उभी होती. डावा हात ओढणीखाली, पोटावर.

ओढणीखाली पिशवी होती. राजनंदिनी जालन्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ज्यांचं आतडं कापून त्याचं तोंड पोटावर काढावं लागतं, त्यांची काळजी कशी घ्यायची, हे सत्यशीला मॅडम शिकवत होत्या. शिकवता शिकवता त्यांनी पुस्तक मिटलं. प्रत्येकीच्या पोटावर त्या तोंडासारखं रबराचं लालबुंद बोंड बसवलं, त्याभोवती चिकट चकती, चकतीला पिशवी, आणि पिशवीत पातळ, कोमट पिठलं. "चोवीस तास. काढायची नाही, कुणाला सांगायचं नाही. एसटी, बाजार, पाव्हणेरावळे, सगळं हिच्यासकट." पोरी खुदखुदल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी या वस्तीवर आत्याकडे येताना एसटीत शेजारची बाई उगीच जरा सरकून बसली, आणि राजनंदिनीचं हसू तिथंच संपलं. रात्रभर ती कुशीवर वळली नव्हती. आता डोळे मिटले की अभंग आणि झोप एकमेकांत मिसळत, आणि पिशवी आपलीच आहे, जन्माची आहे, असं वाटे.

"बस की खाली. गोणी हाय."

लिंबाच्या बुंध्याशी एक बाई बसली होती. राजनंदिनी टेकली. ओढणीखाली पिशवी सळसळली.

"डाव्या अंगाला हाय का?" बाईनं हळूच विचारलं.

राजनंदिनी दचकली.

"माझी बी तिकडंच. दोन वर्सं झाली. बसताना हात असाच जातो बघ." बाईनं पदराखालचा आपला हात दाखवला. "मी गोजरबाई. तुला कवा झालं?"

"नवीनच आहे, मावशी." शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्तच टोचला.

गोजरबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कवळं वय गं. घाबरू नको, मी सांगते. बाहेर निघायचं असलं की आदल्या दिसापून पोटात काही घालायचं न्हाई. पिशवी रिकामी ऱ्हाती. मंग बिलकुल काळजी न्हाई."

"मग काला?"

"दोन वर्सं घेतला न्हाई. पयले पुढच्या ओळीत बसायचे मी. आता हितूनच बराबर ऐकू येतं. मांडवात वास सुटला म्हंजे? देवासमोर?"

तिनं हात वर केला तशा बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या. मध्ये अडवायला मांसच नव्हतं.

"आग होते का भोवती?" राजनंदिनीनं विचारलं.

"होती की. पार सोलून निघाली कातडी. जाचू नये म्हणून मी चकतीचं भोक चांगलं मोठं कापते."

"तिथंच चुकतंय, मावशी. भोक मोठं झालं की घाण कातडीवर येते, म्हणून आग. बोंडाभोवती जवारीचा अर्धा दाणा मावेल, एवढीच फट ठेवायची."

"अर्धा दाणा," गोजरबाई स्वतःशीच म्हणाली. बोटांच्या चिमटीत तिनं तेवढी फट धरून पाहिली.

मांडवात हंडी फुटली. गजर उठला. जो तो आपल्या द्रोणातला काला शेजारच्याच्या तोंडात घालू लागला; इथं काला हातानं हाताला नाही, हातानं तोंडाला देतात. वाढणारी पोरगी लिंबापर्यंत आली. गोजरबाईनं द्रोण घेतला, पण घास केला तो राजनंदिनीसाठी.

"खा. मघा सांगितलं ते ऐकू नको माझं. माझं काय, संपत आलं. तू उपाशी राहून कसं चालंल?"

जोंधळ्याच्या लाह्या, आंबट दही, लोणच्याचा खार. राजनंदिनीनं तो घास गिळला आणि परतीचा घास उचलला. गोजरबाईचे ओठ मिटलेले होते. पण नजर घासावर होती, आणि तिच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली.

खोटं मनात ठेवून हा घास द्यायचा नाही, असं राजनंदिनीला वाटलं. मॅडमचा शब्द तिनं मोडला.

"मावशी, माझी पिशवी खोटी आहे. नर्सिंगला आहे मी. शिकायला लावलीय. आत पिठलं आहे."

गोजरबाई जरा मागं सरली. गजर चाललाच होता. दही राजनंदिनीच्या मनगटावरून ओघळत कोपराकडे निघालं, तरी तिनं हात खाली घेतला नाही.

"पिठलं?" गोजरबाई म्हणाली.

"हूं."

गोजरबाईनं तिच्या ओढणीकडे पाहिलं.

"काढणार कवा?"

"आज चार वाजता."

"सावकाश काढ. वल्लं फडकं लावीत लावीत. वढू नको, कातडी सोलती."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तर मंडळी, मांडवाबाहेर कुणी नुसतं ऐकत बसलेलं दिसलं, तर माझ्या गोजरबाईची तेवढी आठवण ठेवा.