जुन्याच नावानं

हॉस्पिटलच्या सगळ्या फायली ज्या सर्व्हरवर, त्याचाच मदरबोर्ड जळाला. तिनं नवा बसवला. डिस्क जुन्याच, त्यामुळे फायली जागच्या जागी होत्या. पण नेटवर्क काही केल्या सुरू होईना. प्रत्येक बोर्डाला नेटवर्कसाठी स्वतःचा वेगळा नंबर असतो; सेटिंग जुन्या बोर्डाच्या नंबरला चिकटून बसलेली, नव्याला ती दारातही उभं करीना. शेवटी तिनं सेटिंगमधला जुना नंबर खोडून नव्याचा लिहिला, जोडणीचं नाव मात्र जुनंच ठेवलं. एकेक करत सगळ्या खात्यांचे कॉम्प्युटर जोडले गेले.

"कमाल केलीत बाई!" रेकॉर्ड खात्यातले कारकून म्हणाले. "आतलं काळीज बदललंत, तरी कुणाला कळलंसुद्धा नाही."

"कळू नये, हेच तर आमचं काम," ती हसून म्हणाली.

संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच नवऱ्यानं आतून हाक मारली. नेहमीसारखीच, वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावानं. गेली चार वर्षं ती दर वेळी न चुकता सांगत आली होती, "अहो, ती नाही, मी आहे."

आज तिनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि त्याच नावाला ओ दिली.