दोन दिवे, एक टाकी

दुकानातला महागडा एलईडी दिवा बघताच रणजितराव घोरपड्यांनी मनातल्या मनात तो घरच्या प्रवाळांच्या टाकीवर टांगूनही टाकला. शेजारचा दिवा निम्म्या किमतीचा होता, पण त्याचा उजेड त्यांना अगदीच मिणमिणता वाटला.

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्रमिलाताई म्हणाल्या, "अहो, आपली टाकी जेमतेम दीड फूट खोल. एवढा उजेड सोसेल का प्रवाळांना?"

"अगं, जास्त उजेड कुणाला नको असतो?"

प्रमिलाताईंनी वाद घातला नाही. दोन्ही दिवे घरी आणले, टाकीत मधोमध काळा प्लास्टिकचा पडदा उभा केला, दोन्ही बाजूंवर एकेक दिवा टांगला आणि दोन्हीकडे सारखेच प्रवाळ ठेवले.

पंधरा दिवस रणजितराव आल्यागेल्याला आपलीच झगमगती बाजू दाखवत होते. सोळाव्या दिवशी ते काचेला नाक लावून टाकीत बघू लागले. त्यांच्याकडचे प्रवाळ आक्रसून फिकट पडले होते. स्वस्त दिव्याखालचे मात्र मऊ बोटं पसरून निवांत डुलत होते.

"दुकानदार हा दिवा परत घेईल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घेईल. महिन्याभरात परत करता येईल, या बोलीवरच आणलाय मी," बाह्या सरसावत त्या म्हणाल्या. "पण आधी तुमचे प्रवाळ माझ्या बाजूला घेऊ या. जगतील अजून."