डबा जर्मनीचा

"पोलाद पाहायचं असेल तर मी जर्मनीत पाहिलं ते चाकूचं दुकान पाहा, मारोतराव. आपल्याकडं बनतं ते नुसतं लोखंड!" भिलाईच्या रेल मिलमधले खानखोजेसाहेब जेवणाच्या सुट्टीत सफरचंद कापता कापता हे ऐकवायचे. चौतीस वर्षं रूळ घडवणाऱ्या मारोतरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण साहेबांपुढं बोलायची सोय नव्हती.

रिटायर झाल्यावर लेक सोनलनं त्यांना जर्मनीला नेलं. "मले किल्ले नको दाखवू, बाई. आधी ते दुकान दाखव," असा त्यांनी हट्टच धरला. दुकानात ते चांगले दोन तास रमले. एकेका पात्याची धार नखावर घासून पाहिली, टिचकी मारून आवाज ऐकला, आणि साहेबांसाठी एक चाकू मखमली डब्यात बांधून घेतला.

भिलाईत परतल्यावर तो डबा त्यांनी साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी चाकू काढला, सफरचंदाची साल एका दमात, कुठंही न तुटता उतरवली आणि जमलेल्या जुन्या मंडळींसमोर झेंड्यासारखी उंच धरली. "बघा! याला म्हणतात पोलाद. आपल्या लोकांना सात जन्मांत जमायचं नाही!"

मारोतरावांनी पिशवीतून जुन्या पेपरात गुंडाळलेला दुसरा चाकू काढला आणि टेबलावर ठेवला.



"जर्मनीचा चाकू हा घ्या, साहेब. तुमच्या हातातला आपल्या भिलाईतल्याच सुपेल्याच्या तेजराम लोहारानं ठोकला."