एकाच मजल्यावरचे दोन मीटर

"पाच नंबर. गेल्या वर्षी याच महिन्यात बासष्ट युनिट, यंदा आठ," बटणकाकांनी आकडा वाचला आणि गच्चीवर टाळ्या पडल्या.

सगळ्यांनी वाजवल्या. फक्त पाच नंबरच्या बाईंच्या मुलीने वाजवल्या नाहीत. तो आकडा तिनेच आपल्या हाताने वहीत उतरवला होता.

बटणकाका म्हणजे इमारतीतल्या वीज-बचत गटाचे प्रमुख. जिन्यातला दिवा दिवसाउजेडी चालू दिसला की असतील तिथून येऊन ते बटण बंद करत, म्हणून हे नाव. गटाची सभासुद्धा ते दुपारी चारला गच्चीवर घेत, म्हणजे दिवा नको आणि पंखाही नको. मीटर वाचणारा माणूस बाहेरचा हवा, हाही त्यांचाच नियम. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ही मुलगी दर एक तारखेला सकाळी यायची, जिन्याखालच्या मीटरांचे आकडे ओळीने लिहून घ्यायची आणि वर आईला भेटून जायची.

गेले तीन महिने त्या भेटीत ती आईचं घर न्याहाळून बघत होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आईच्या घरात सगळं जागच्या जागी असायचं, पण फ्रिज बंद, टीव्हीवर कापड टाकलेलं. विचारलं तर आई म्हणायची, "एकटीला किती लागतं गं?" ही कसली बचत? आई एकेक बटण बंद करत अंधारात बसायला लागली होती आणि गट तिला शाबासकी देत होता. मुलीला स्वतःचीच लाज वाटत होती. आज सभा संपली की आईला कायमचं आपल्या घरी न्यायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. तिकडे खोलीही रिकामी करून झाली होती. आईला तेवढं सांगायचं राहिलं होतं, कारण इमारत सोडायचं नाव काढलं की आई विषय बदलायची.

"आता दुसरं टोक," बटणकाका घसा खाकरून म्हणाले. "सहा नंबर. गेल्या वर्षी पन्नास, यंदा एक्याऐंशी."

सहा नंबरमध्ये बाइंडर राहायचे. फाटकी पुस्तकं शिवून नवी करून देणारा एकटा माणूस, बाहीला कायम खळ लागलेली. ते मागच्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली.

"अहो बाइंडर, समोरासमोर दारं तुमची. त्या बाई आठ युनिटांत महिना काढतात आणि तुमच्याकडे दिवा, पंखा, रेडिओ सगळं चालू. रेडिओ तर खालपर्यंत ऐकू येतो. एकट्या माणसाला एवढं लागतं कशाला? शिका काही त्यांच्याकडून."

"चुकलं," बाइंडर म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघतो."

"बघतो म्हणून चालायचं नाही. नियम म्हणजे नियम." काकांनी लाल खडू उचलला. फळ्यावर हिरव्या खडूने आदर्श घर लिहायचं, लाल खडूने उधळं घर, आणि फळा महिनाभर जिन्यात टांगायचा, अशी गटाची पद्धत होती. काकांचा हात फळ्यापर्यंत पोचला.

"थांबा," आई म्हणाली.

ती उभी राहिली. चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत तेही तिला कळेना.

"त्यांना बोलू नका. त्यांच्या घरातला निम्मा उजेड मी जाळते."

"अहो, कशाला..." बाइंडर पुटपुटले.

"कशाला म्हणजे? तुम्ही मुकाट्याने बोलणी खाणार आणि मी टाळ्या घेणार?" आईला आता कंठ फुटला होता. "सुट्या पानांचा क्रम लावायला यांना माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी लावते. लावता लावता वाचायला लागले, मग मोठ्याने वाचायला लागले. आता सकाळचं आवरलं की समोर जाते ती झोपायलाच घरी येते. रेडिओ माझा आहे. पंखाही मलाच लागतो. यांना तो मुळीच खपत नाही, पानं उडतात. तरी लावतात."

मुलीने वही उघडली. पाच आणि सहा, एकाखाली एक, तिच्याच अक्षरात. एक आकडा तीन महिने उतरत गेलेला, दुसरा चढत गेलेला. डोळ्यांत तेल घालून आकडे लिहिले आणि दिसलं काहीच नाही. आई अंधारात बसलेली नव्हतीच. दोन पावलांवरच्या घरात, पंख्याखाली, कुणाला तरी पुस्तक वाचून दाखवत बसली होती. मुलीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

बटणकाका तिकडे बोटांवर हिशेब करत होते. "बासष्ट नि पन्नास, एकशे बारा. आठ नि एक्याऐंशी, एकोणनव्वद. म्हणजे दोघांचे मिळून तेवीस कमी." ते थबकले. "दोन माणसं आणि दिवा एकच. अहो, हेच तर मी तीन वर्षं घसा कोरडा करून सांगतोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी गच्चीच हसायला लागली. बाइंडरांचे कान लाल झाले. काकांनी लाल खडू खिशात टाकला, हिरवा घेतला, फळ्यासमोर गेले आणि तिथेच अडले.

"पण आदर्श घर कुठलं लिहू? पाच का सहा?"

आईने मुलीकडे पाहिलं.

"सहा लिहा, काका," मुलगी म्हणाली. "आई तिथे राहते."